आधी आवाज पोचू द्या, चित्र मागून येईल

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की गावोगावच्या व्याख्यानमाला सुरू होतात. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली; तो वारसा तालुक्यातालुक्यांतल्या वाचनालयांनीही नेटाने चालवला आहे. अलीकडे निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी ‘थेट प्रक्षेपणाची सोय आहे’ अशी ओळ असते. जिना चढवत नाही म्हणून घरी थांबलेले श्रोते, नोकरीसाठी बंगळुरूला किंवा परदेशात गेलेली मुले त्या ओळीच्या भरवशावर फोन लावून बसतात. त्यांच्या वाट्याला येते ते असे: चौथ्या रांगेत ट्रायपॉडवर लावलेला एक मोबाइल, त्याच्याच माइकमध्ये शिरलेली पंख्यांची घरघर, भिंतींवर आपटून घुमत आलेला वक्त्याचा आवाज आणि दर दोन-चार मिनिटांनी थिजणारे चित्र. पंधरा-वीस मिनिटांत माणूस नाद सोडतो.

आम्ही थेट प्रक्षेपणाचे काम करतो आणि हे सगळे टाळता येते हे ठामपणे सांगू शकतो. त्यासाठी भारी कॅमेरा लागत नाही. व्याख्यान ही मुळात ऐकायची गोष्ट आहे. तेव्हा संस्थांनी कामाचा क्रम बदलावा. पहिला खर्च मिक्सरमधून स्वच्छ आवाज घेण्यावर, दुसरा भाड्याने घेतलेल्या लहानशा सर्व्हरवर (इंटरनेटवर सतत चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर), आणि त्या सर्व्हरवरून नुसत्या आवाजाचे प्रक्षेपण कायम चालू. व्हिडिओ त्यानंतर, झेपेल तसा.

आकडे पाहिले की हा आग्रह का, ते लक्षात येईल. भाषणाचा आवाज एमपी३ मोनोमध्ये ६४ केबीपीएसने (सेकंदाला ६४ किलोबिट) पाठवला तर तासाला सुमारे २९ एमबी लागतात; दोन तासांच्या व्याख्यानाला ५८. ओपस हे २०१२ मध्ये प्रमाणित झालेले, मुक्त परवान्याचे, आवाज कमी जागेत बसवण्याचे तंत्र वापरून २४ केबीपीएसवर आणले तरी बोलणे स्पष्ट राहते आणि दोन तास २२ एमबीत भागतात. याउलट ७२० रेषांचा बऱ्यापैकी व्हिडिओ १५०० केबीपीएस, वर आवाजाचे ९६, म्हणजे सेकंदाला १.६ मेगाबिट. दोन तासांचे जवळपास १.४४ जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर असलेल्या श्रोत्याचा दिवसभराचा डेटा एका व्याख्यानात संपला. सर्व्हरच्या बाजूनेही हेच गणित आहे: हजार श्रोत्यांना आवाज पुरवायला जे ६४ मेगाबिट लागतात, त्यांत व्हिडिओचे फक्त ४० प्रेक्षक बसतात. शिवाय नुसता आवाज फोनचा पडदा बंद केल्यावरही चालू राहतो. ज्येष्ठांना फोन उशाशी ठेवून डोळे मिटून ऐकता येते, ही सोय लहान समजू नये.

आता सभागृहातल्या कामाकडे. प्रक्षेपण बिघडते ते दहातल्या आठ वेळा सर्व्हरवर नाही, मिक्सरच्या मागच्या बाजूला. साउंडवाला प्रक्षेपणासाठी सहसा मेन आउटचीच (सभागृहाच्या स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाची) एक वायर काढून देतो. मेन आउट सभागृहासाठी मिसळलेला असतो. शिट्टी येऊ लागली की साउंडवाला मेन फेडर (आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) खाली ओढणार, आणि घरचा श्रोताही त्यासोबत खाली जाणार. म्हणून ऑक्स सेंड (मिक्सरमधून वेगळे मिश्रण बाहेर काढण्याची सोय) मागावा आणि तो प्री-फेडर (फेडरच्या आधीचा सिग्नल घेणारा) असल्याची खात्री करून घ्यावी. मग पोडियमचा माइक, सूत्रसंचालकाचा कॉर्डलेस आणि प्रश्नोत्तरांचा फिरता माइक या तिन्हींच्या ऑक्सच्या बटणांवर प्रक्षेपणाचे स्वतंत्र मिश्रण जमते. सभागृहातल्या फेडरशी त्याचा संबंध उरत नाही. एक माइक प्रेक्षकांच्या दिशेने, अगदी कमी लेव्हलला ठेवावा. टाळ्या आणि हशा ऐकू आला नाही तर घरच्या श्रोत्याला वक्ता बंद खोलीत बोलतोय असे वाटते.

मिक्सरमधून निघणारा सिग्नल लाइन लेव्हलचा असतो. तो लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या एकत्र भोकात घातला की आवाज फाटतो किंवा येतच नाही, कारण ते भोक मोबाइलच्या हेडफोनसारख्या चार पट्ट्यांच्या पिनसाठी आणि माइकच्या अशक्त सिग्नलसाठी असते. लाइन इनपुट असलेला साधा दोन चॅनेलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा. सॅम्पल रेट (आवाजाचे नमुने घेण्याचा दर) ४८ किलोहर्ट्‌झ, सगळीकडे तोच. एका ठिकाणी ४४.१ आणि दुसरीकडे ४८ असे झाले तर अधूनमधून टकटक ऐकू येते.

एक दोष असा आहे की जागेवर कोणालाच कळत नाही. पुष्कळ मिक्सरांचा ऑक्स आउट बॅलन्स्ड असतो. त्याच्या तीन पट्ट्यांच्या पिनमध्ये टोकावर सिग्नल आणि मधल्या पट्टीवर तोच सिग्नल उलटा असतो. ही पिन कोणी स्टिरिओ इनपुटमध्ये सरळ खुपसली, तर डाव्या बाजूला सुलटा आणि उजव्या बाजूला उलटा आवाज जातो. हेडफोन लावून तपासणाऱ्याला सगळे ठीक वाटते, फार तर आवाज जरा पोकळ वाटेल. पण मोबाइलच्या एकाच स्पीकरवर, किंवा आपण प्रवाह मोनो करतो तिथे, दोन्ही बाजू एकमेकींना खोडून टाकतात आणि वक्ता गायब होतो. मागे फक्त पुटपुट उरते. उपाय सोपा: बॅलन्स्ड वायर बॅलन्स्ड मोनो इनपुटमध्येच घालावी आणि तपासणी नेहमी मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर करावी.

दुसरा नेहमीचा त्रास म्हणजे घूं असा सततचा आवाज. मिक्सर एका बोर्डावर आणि लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या, त्यामुळे अर्थिंगचे दोन मार्ग होऊन ५० हर्ट्‌झची घूं वायरीत शिरते. चार्जर काढल्यावर ती थांबली तर कारण हेच. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीत. तरी राहिली तर मध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकावा. काही जण चार्जरची अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकतात आणि घूं गेली म्हणून खूश होतात. कृपा करून हे कोणी करू नये. माइकला हात लावलेल्या वक्त्याच्या जिवाशी तो खेळ आहे.

लेव्हल अशी ठेवावी की बोलण्याची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील, आणि उणे ३ वर लिमिटर (आवाज त्यावर जाऊ न देणारी सोय) लावावा. वक्ता रंगात आला की आवाज दुप्पट होतो, आणि डिजिटल सिग्नल शून्याच्या वर गेला की फाटतोच. तो नंतर दुरुस्त होत नाही. १०० हर्ट्‌झच्या खालचे सगळे कापून टाकले तर पोडियमवर आपटलेला हात आणि पंख्याचा वारा बराच कमी होतो. माइक तोंडापासून एक वीतभर असावा; तो लांब गेला की साउंडवाला गेन वाढवतो आणि गेनबरोबर सभागृहाचा घुमाराही वाढतो.

सर्व्हरवर आवाजासाठी आइसकास्ट पुरेसा आहे. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, जुने आहे आणि अजूनही भरवशाचे. भाड्याच्या सर्व्हरला दोन कोअर आणि दोन जीबी रॅम असली की झाले. जागा मुंबईतल्या डेटा सेंटरमधली निवडावी, कारण सभागृहातून सर्व्हरपर्यंतचा टप्पा सगळ्यांत नाजूक असतो आणि तो जितका जवळ तितका बरा. वाचनालयातलाच जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून चालवू, असा विचार पुष्कळदा पुढे येतो. तो सोडून द्यावा. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, शेकडो ग्राहक एका पत्त्याआड असतात. बाहेरच्या श्रोत्याला आत येण्याचा रस्ताच नसतो.

आइसकास्ट बसवल्यावर त्याची मांडणीची फाइल तशीच ठेवली तर काय होते ते सांगतो. नमुना फाइलमधला पासवर्ड ‘हॅकमी’ असा असतो, तो पहिल्या मिनिटाला बदलावा. सोर्सचा (आवाज पाठवणाऱ्याचा), रिलेचा (दुसऱ्या सर्व्हरला प्रवाह देण्याचा) आणि अ‍ॅडमिनचा, तिन्ही. श्रोत्यांची मर्यादा १०० असते, म्हणजे एकशेएकाव्याला दार बंद आणि आयोजकांना पत्ताही नाही. ती हजारावर न्यावी, आणि त्यासोबत त्या सेवेची उघड्या फाइलींची मर्यादाही १०२४ वरून वाढवावी. ही दुसरी विसरली तर श्रोते हजाराच्या जवळ पोचताच नवे जोडले जाणे अडू शकते. सोर्सची मर्यादा दोन असते. आपण एमपी३ आणि ओपस असे दोन माउंट (सर्व्हरवरचे प्रवाहाचे स्वतंत्र पत्ते) चालवणार, त्यामुळे ती तिथेच संपते आणि ऐनवेळी पर्यायी लॅपटॉपवरून तिसरा प्रवाह लावू गेल्यास सर्व्हर नकार देतो. ती पाचवर न्यावी.

एमपी३ आणि ओपस असे दोन का? ओग या फाइलप्रकारातला ओपस आयफोनच्या जुन्या आवृत्त्यांवर नीट वाजत नाही. एमपी३ सगळीकडे वाजतो, आणि त्याच्या पेटंटची मुदत २०१७ मध्ये संपल्यामुळे आता परवान्याचाही प्रश्न नाही. पानावर मोठे बटण एमपी३चे, खाली ‘कमी डेटात ऐका’ असे दुसरे ओपसचे. आपोआप सुरू होईल या भरवशावर राहू नये. बोट लावल्याशिवाय आवाज वाजवायला आजचे ब्राउझर नकार देतात.

नवा श्रोता जोडला गेला की आइसकास्ट त्याला साठ्यातले सुमारे ६५,००० बाइट एकदम देतो. ६४ केबीपीएसला ते आठ सेकंद झाले. आवाज लगेच सुरू होतो तो यामुळेच, आणि घरचा श्रोता आठ-दहा सेकंद मागे असतो तोही यामुळेच. हा साठा कमी करून ‘अगदी थेट’ करण्याचा मोह टाळावा. लोकलमध्ये किंवा घाटात ऐकणाऱ्याला ते आठ सेकंदच तारतात.

सगळ्यांत महत्त्वाची सोय फॉलबॅकची, म्हणजे प्रवाह तुटल्यावर वाजणाऱ्या पर्यायी आवाजाची. सभागृहातले इंटरनेट दहा सेकंद गेले की सर्व्हर सोर्स गेला असे मानतो आणि सगळ्या श्रोत्यांना तोडतो. त्यांतले निम्मे परत येत नाहीत. मांडणीत फॉलबॅक म्हणून एक तयार फाइल लावावी: ‘तांत्रिक कारणामुळे प्रक्षेपण थांबले आहे, फोन बंद करू नका’ एवढी सूचना आणि मागे मंद तंबोरा. ओव्हरराइड चालू ठेवले की सोर्स परत आल्याबरोबर श्रोते आपोआप व्याख्यानात येतात. ही फाइल मूळ प्रवाहाच्याच जातीची हवी: तोच एमपी३, तेच ६४ केबीपीएस, तेच ४८ किलोहर्ट्‌झ मोनो. स्टिरिओ फाइल लावली तर काही फोनवर परतताना आवाज बंद पडतो.

श्रोत्यांना आइसकास्टच्या ८००० क्रमांकाच्या पोर्टवर (सर्व्हरच्या दारावर) थेट पाठवू नये. कचेऱ्या आणि महाविद्यालयांची नेटवर्क असे पोर्ट अडवतात, आणि संस्थेचे पान एचटीटीपीएसवर असेल तर साध्या एचटीटीपीवरचा आवाज ब्राउझर वाजवत नाही. पुढे एनजिन-एक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर उभे करावे, लेट्स एन्क्रिप्टचे फुकट प्रमाणपत्र घ्यावे आणि ४४३ या एचटीटीपीएसच्या पोर्टवरून प्रवाह द्यावा. एनजिन-एक्समध्ये प्रॉक्सी बफरिंग (आलेला आवाज साठवून मग पुढे देणे) बंद ठेवावे. डेबियन या लिनक्समध्ये एनजिन-एक्सच्या एका वर्करला (जोडण्या सांभाळणाऱ्या प्रक्रियेला) ७६८ जोडण्यांची मर्यादा असते आणि प्रॉक्सीत प्रत्येक श्रोत्यामागे दोन जोडण्या जातात, हे लक्षात घेऊन तीही वाढवावी. सभागृहातून पाठवणाऱ्याने मात्र थेट ८००० वरच पाठवावे. लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची असते. वर्षातून एकदा भरणाऱ्या व्याख्यानमालेत पहिल्याच दिवशी ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा फलक दिसतो तो स्वयंचलित नूतनीकरण बंद पडल्यामुळे. माला सुरू होण्याच्या आठवडाभर आधी तारीख पाहावी.

पाठवण्यासाठी बट नावाचे छोटे सॉफ्टवेअर आहे. साउंड कार्ड निवडायचे, सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, पासवर्ड, माउंट भरायचे, बस. त्यात तुटल्यास पुन्हा जोडण्याची खूण चालू असल्याचे पाहावे, आणि त्याच वेळी रेकॉर्डिंगही लावून ठेवावे.

व्हिडिओ करायचाच असेल तर तोही याच सर्व्हरवर होतो. सभागृहात ओबीएस (चित्र आणि आवाज एकत्र करून पाठवणारे सॉफ्टवेअर), तिथून आरटीएमपी या पाठवण्याच्या पद्धतीने सर्व्हरच्या १९३५ पोर्टवर, आणि सर्व्हरवर एनजिन-एक्सचे आरटीएमपी मॉड्यूल त्याचे एचएलएसमध्ये (लहान लहान फाइलींच्या रूपात व्हिडिओ देण्याच्या पद्धतीत) तुकडे करते. फ्लॅश २०२० च्या अखेरीस संपल्यापासून ब्राउझर आरटीएमपी वाजवत नाहीत; ते आता फक्त पाठवण्यापुरते उरले आहे. प्रेक्षकापर्यंत जाते ते एचएलएस. ओबीएसमध्ये ७२०, सेकंदाला २५ चौकटी, १५०० केबीपीएस, सीबीआर (कायम एकच दर), आणि की-फ्रेमचे (पूर्ण चित्र असलेल्या चौकटीचे) अंतर २ सेकंद. हा शेवटचा आकडा शून्यावर, म्हणजे ‘ऑटो’वर ठेवले तर एन्कोडर (व्हिडिओ कमी जागेत बसवणारा भाग) २५० चौकटींनी, म्हणजे दहा सेकंदांनी एक की-फ्रेम टाकतो. तुकडा की-फ्रेमपाशीच कापता येतो. तेव्हा सर्व्हरवर तुकडा चार सेकंदांचा सांगूनही तो दहाचा होतो, प्लेअर तीन तुकडे मागून सुरू करतो आणि प्रेक्षक अर्धा मिनिट मागे पडतो. अंतर दोन सेकंदांचे ठेवले की हाच उशीर पंधरा-वीस सेकंदांवर येतो. घरून येणारे प्रश्न लेखी मागवून व्याख्यान संपण्याच्या दहा मिनिटे आधी गोळा केले तर या उशिराने काही अडत नाही.

तुकडे डिस्कऐवजी रॅममधल्या फोल्डरवर लिहावेत. सहा तुकड्यांची यादी ठेवली तरी ते दहा एमबीच्या आत राहतात. यादीची एम-थ्री-यू-एट फाइल कुठेही कॅश होऊ (तिची प्रत तात्पुरती साठवली जाऊ) देऊ नये. ती कॅश झाली की प्लेअरला तीच जुनी यादी परत परत मिळते आणि चित्र एका जागी अडकते, सर्व्हर मात्र ठणठणीत दिसतो.

या मॉड्यूलची एक खाच पुष्कळांना ठाऊक नसते. ओबीएसमध्ये जी स्ट्रीम की (प्रवाह पाठवण्याची खूण) लिहितो, त्याच नावाने यादीची फाइल तयार होते. म्हणजे ज्याला आपण गुपित समजतो ते प्रत्येक प्रेक्षकाच्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या रूपात उघडे असते, आणि कोणीही त्या नावावर भलताच व्हिडिओ पाठवू शकतो. की-नंतर प्रश्नचिन्ह देऊन वेगळा परवलीचा शब्द जोडावा आणि प्रवाह सुरू होताना सर्व्हरने तो तपासावा, अशी ‘ऑन पब्लिश’ची सोय मॉड्यूलमध्ये आहे. ती लावल्याशिवाय १९३५ उघडू नये.

कॅमेऱ्याबद्दल दोनच गोष्टी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० आणि २५ चौकटी ठेवल्या की पट्टे दिसत नाहीत. ३० चौकटी आणि १/६० ठेवले की चित्रावर काळे पट्टे सरकू लागतात. आणि चित्र कॅप्चर कार्डमधून येताना जरा रेंगाळते, आवाज लवकर पोचतो. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करावे आणि ओबीएसच्या सिंक ऑफसेटमध्ये आवाज तितका मागे न्यावा.

इंटरनेट जोडणीत बघायचा असतो तो अपलोड, डाउनलोड नव्हे. मोजलेल्या अपलोडच्या निम्म्याहून जास्त वापरू नये. वाय-फाय टाळून लॅनची वायर टाकावी, कारण चारशे माणसांचे चारशे फोन त्याच हवेत असतात. डोंगलचेही तसेच. रिकाम्या सभागृहात दुपारी घेतलेली चाचणी काही सांगत नाही. सभागृह भरले की टॉवरवर तेवढाच भार येतो आणि अपलोड कोसळतो. डोंगल फक्त आवाजाच्या ६४ केबीपीएससाठी राखून ठेवावा, तेवढे तो बहुधा ओढतो. वळवाच्या पावसात वीज जाते हे धरूनच चालावे: मिक्सर, लॅपटॉप, फायबरचा मोडेम आणि राउटर, चारही यूपीएसवर. जनरेटर सुरू होईपर्यंतची मधली मिनिटे मोडेमला वीज नसल्यामुळे हातची जातात, तेही लॅपटॉप बॅटरीवर चालू असताना.

मोठी व्हिडिओ संकेतस्थळे फुकट असताना हा सगळा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. ती वापरावीतच. शेदोनशेपेक्षा जास्त लोक व्हिडिओ पाहणार असतील तर भार त्यांच्यावरच टाकणे शहाणपणाचे: दोनशे प्रेक्षक, दोन तास म्हणजे २८८ जीबी, आणि महिन्याला एक टीबी देणाऱ्या सर्व्हरचा कोटा चौथ्या व्याख्यानाला संपतो. सर्व्हरवरचे हेच मॉड्यूल आलेला प्रवाह पुढेही ढकलू शकते. यूट्यूबला साधा आरटीएमपी चालतो. फेसबुकला आरटीएमपीएस, म्हणजे सांकेतिक केलेला आरटीएमपीच लागतो आणि ते या मॉड्यूलला थेट जमत नाही, मध्ये स्टनेल हे प्रवाह सांकेतिक करणारे सॉफ्टवेअर लावावे लागते. पण त्यांच्यावरच सगळी भिस्त ठेवू नये. गाण्याच्या कार्यक्रमात त्यांची स्वयंचलित तपासणी एखादी पारंपरिक बंदिश दुसऱ्या कोणाचे ध्वनिमुद्रण समजू शकते आणि प्रक्षेपण मध्येच थांबते. दाद मागेपर्यंत मैफल संपलेली असते. खाते चोरीला जाणे ही तर आणखी गंभीर गोष्ट. २० सप्टेंबर २०२४ रोजी खुद्द सर्वोच्च न्यायालयाचे यूट्यूब चॅनेल हल्लेखोरांच्या हाती गेले आणि सुनावण्यांच्या जागी आभासी चलनाच्या जाहिरातीचे व्हिडिओ दिसू लागले. वाचनालयाच्या खात्याचा पासवर्ड पाच कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये असतो. दोन टप्प्यांची पडताळणी आजच लावावी, आणि चॅनेल गेले तरी आवाज चालू राहील असा स्वतःचा रस्ता हाताशी ठेवावा.

वक्त्याची परवानगी हा विषय बहुतेक ठिकाणी तोंडी उरकला जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ‘परफॉर्मर’च्या व्याख्येत गायक, नट, कसरतपटू, गारुडी यांच्याबरोबर व्याख्यान देणारी व्यक्तीही स्पष्टपणे आहे. ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपण यांवर तिचा हक्क आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. निमंत्रणाबरोबरच एक पानी पत्र पाठवावे. थेट प्रक्षेपण चालेल का, ध्वनिमुद्रण ठेवायचे का, किती वर्षे, आणि फक्त आवाज की चित्रही, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत. थेट प्रक्षेपणाला होकार देणारे काही वक्ते मुद्रण ठेवायला नकार देतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

मुद्रण नेहमी सभागृहातच करावे. सर्व्हरवरच्या प्रतीत इंटरनेटच्या प्रत्येक खंडाची भोके असतात. वेव्ह मोनो, १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ म्हणजे तासाला सुमारे ३४६ एमबी. आजच्या कार्डांना हे काहीच नाही. ओबीएसमध्ये साध्या एमपी४ऐवजी एमकेव्हीत मुद्रण करावे. वीज गेली तर एमकेव्ही तोपर्यंतचे वाचता येते, अर्धवट राहिलेली एमपी४ मात्र सहसा उघडतच नाही.

हे सगळे एकेका लहान वाचनालयाला जड आहे, याची कल्पना आम्हाला आहे. म्हणून एक सूचना. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या ‘अ’ वर्ग ग्रंथालयाने एक सर्व्हर घ्यावा, तो वर्षभर चालू ठेवावा आणि इतरांना एकेक माउंट द्यावा. आइसकास्टमध्ये प्रत्येक माउंटला वेगळा पासवर्ड आणि वेगळी श्रोतेमर्यादा ठेवता येते, त्यामुळे एकाच्या चुकीने दुसऱ्याचा कार्यक्रम बिघडत नाही. मग लहान गावात फक्त ऑडिओ इंटरफेस, एक लॅपटॉप, एक ट्रान्सफॉर्मर आणि सभागृहाबाहेर मोबाइल डेटावर सतत ऐकत राहणारा एक माणूस एवढेच लागेल. हा माणूस कधीही वगळू नये. त्याचे काम एकच, आवाज गेला की आत येऊन सांगणे.

संपादक महाशय, आपल्याकडेही एक मागणी आहे. ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात स्थळ आणि वेळेशेजारी ऐकण्याचा पत्ताही छापावा. छापील पत्त्यावर बोट दाबता येत नाही, तो हातानेच टाइप करावा लागतो. तेव्हा संस्थांनी तो आठ-दहा अक्षरांचा ठेवावा, त्यात आडव्या-तिरक्या रेघा नसाव्यात आणि तो दरवर्षी तोच राहावा. पुण्यात संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारे व्याख्यान मे महिन्यात लंडनला दुपारी दोन वाजता आणि न्यूयॉर्कला सकाळी नऊ वाजता सुरू होते; परदेशातल्या वाचकांसाठी त्या वेळाही कंसात दिल्या तर उत्तम.

आपले नम्र,
थेट प्रक्षेपणाचे काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे